आत्याच्या होडीची तंगडी

आत्याच्या होडीची तंगडी रविवारी सकाळी अंगणात, जुन्या सतरंजीवर आडवी पडली होती आणि शर्यत दुपारी होती.

तंगडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. तिच्या होडीचं इंजिन पोटात असतं आणि पंखा बाहेर पाण्यात. त्या दोघांना जोडणारा जो जाडजूड पाय होडीच्या पाठीला लटकतो, त्याला पुस्तकात स्टर्नड्राइव्ह म्हणतात. आत्या तंगडी म्हणते. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून निवृत्त झालेली बाई. शरीराचे भाग सुटे झालेले पाहून ती घाबरत नाही.

पाय जिथे होडीला जोडतात तिथे घड्याघड्यांचा एक रबरी भाता असतो, पाणी आत शिरू नये म्हणून. तो फाटला. मेकॅनिक आला, त्याने भात्यात बोट घातलं, ते दुसरीकडून बाहेर आलेलं पाहिलं आणि म्हणाला, "होईल की. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात आत्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आणि पंचाहत्तरीनंतर शर्यतीत सुकाणू धरायचं नाही, काठावर खुर्ची टाकून टाळ्या वाजवायच्या, असा बोट क्लबचा नियम. म्हणजे आत्याची ही शेवटची शर्यत. ती दरवर्षी उतरते आणि दरवर्षी दुसरी येते. पहिले येतात ते शेजारच्या धक्क्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचा कप त्यांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीच्या बरोबर समोर ठेवलेला असतो. आत्याच्या दोन दाढा त्या कपाकडे बघत बघत गेल्या.

"आपणच बसवू," आत्या म्हणाली. "माणसांचे गुडघे बदलताना जन्मभर हातात हत्यारं दिली मी. ही तर नुसती तंगडी."

आपण म्हणजे आत्या, तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, मी आणि माझी बायको. बाबांना शहरात लोक साहेब म्हणत. आत्या बाळ्या म्हणते.

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे मदत करतात, पण सांगून करत नाहीत. "मी तुझ्यासाठी हे केलं" असं म्हणणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. जिन्यातल्या दिव्याला खाली एक बटण आणि वर एक. बाबा खालून गुपचूप दिवा घालवतात, आई वरून गुपचूप घालवते. परिणामी तो दिवा रात्रभर जळतो आणि दोघांनाही कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा सगळं बोलून करायची. हळूहळू सुधारली.

तर, फाटका भाता काढून, जागा खरवडून नवा भाता बसवण्याचं काम शनिवारीच झालं होतं. रविवारी उरलं होतं फक्त तंगडी जागेवर लावणं. होडी ट्रेलरवर उभी. तंगडी जॅकवर चढवली. तिच्यातून एक दांडा पुढे आलेला असतो, त्याच्या टोकाला बारीक दाते. इंजिनाच्या बाजूला तेवढ्याच खाचा. दाते खाचांसमोर आले की दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. नाही आले तर हत्ती लावा, जात नाही.

बाबा मागून ढकलत होते. मी होडीच्या पोटात इंजिनाशेजारी, बायको खाली जॅकपाशी, आत्या स्टुलावर बसून हुकूम देत होती.

"ढकल!"

बाबांनी ढकललं. चार बोटं फट उरली.

"बाळ्या, पंखा फिरव थोडा. दाते सरकतील."

बाबांनी पंखा फिरवला, ढकललं. चार बोटं.

"अजून थोडा."

चार बोटं.

तंगडी बाहेर ओढली. दाते पुसले, ग्रीस लावलं, पुन्हा चढवली. चार बोटं. आत्याने ग्रीस कमी म्हणून आणखी लावायला लावलं, मग जास्त झालं म्हणून पुसायला लावलं. बाबांच्या शर्टाचा रंग कोणता होता, हे आता घरच्यांनाच आठवत होतं.

"चुकीचा दांडा तर नाही?" बायकोने खालून विचारलं.

"काल याच होडीतून काढलाय," आत्या म्हणाली. "रात्रीत वाढला का?"

एवढ्यात फाटकातून दातांचे डॉक्टर आले. पांढरी टोपी, पांढरे बूट, हातात दुर्बीण. शर्यतीला दुर्बीण कशाला लागते, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "मागचे किती मागे आहेत ते बघायला."

"काय ताई, दात बसत नाहीत?"

"बसतील हो. आमच्याकडे भूल न देता बसवतात, म्हणून वेळ लागतो."

"तुम्ही नसाल तर मजा नाही बुवा. दुसरं कोण येणार मग?"

डॉक्टर मनाने चांगले. हे ते खरंच काळजीने म्हणाले, त्यामुळे जास्त लागलं. ते गेल्यावर आत्या फाटकाकडे बघत अगदी हळू म्हणाली, "बाळ्या, हरले तर चालेल रे मला. सवय आहे. पण काठावर बसून ही शर्यत मी बघणार नाही."

बाबांनी पंख्याला असा हात घातला की जणू पंख्यानेच काही म्हटलं होतं. फिरवला, ढकललं, फिरवला, ढकललं. मी आत इंजिनाशी जिवाचं रान करत होतो. जॅक कुरकुरत होता. तंगडी डुलत होती. चार बोटं!

"थांबा," आत्या म्हणाली.

ती स्टुलावरून उठली, होडीच्या कडेला आली आणि वाकून आत बघायला लागली.

"बाळ्या, पंखा फिरव."

बाबांनी फिरवला.

"तुझा उजवा हात कुठंय?" हे मला.

"इथेच आहे, आत्या."

"वर कर."

मी हात वर केला. हाताबरोबर पाना वर आला. त्या पान्याने मी सकाळपासून इंजिनाची पुली फिरवत होतो. बाबांना पंखा जमणार नाही हे मला माहीत होतं. पण वडिलांना तसं तोंडावर सांगायचं कसं? म्हणून आतून गुपचूप मदत. बाबा दाते जेवढे फिरवत, तेवढ्याच खाचा मी पुढे सरकवत होतो. दाते बिचारे खाचांच्या मागे धावत होते.

"आणि तू गं, सूनबाई? जॅकच्या दांडीवर पाय कशाला?"

"काही नाही, आत्याबाई. बाबा ढकलायचे तेव्हा एकेक टिचकी वर उचलत होते. त्यांना ओझं होऊ नये म्हणून."

"आणि मला वाटलं तंगडी वर चाललीय," बाबा म्हणाले, "म्हणून मी कोपराने खाली दाबत होतो."

अंगणात एक कावळा काहीतरी बोलला, तेवढंच.

मला वाटलं, आत्या आता ओरडणार. ती हसायला लागली. हसता हसता स्टुलावर बसली, डोळे पुसले आणि पुन्हा उठली तेव्हा ती आत्या नव्हती, सिस्टर होती.

"थिएटरचा नियम. जो हात लावेल, तो तोंडाने बोलेल. जो बोलला नाही, त्याचे हात वर. कळलं? पाना खाली ठेव. सूनबाई, जॅक मी सांगेन तेव्हाच. बाळ्या, तू काय करतोयस?"

बाबा गोरेमोरे झाले. "मी... ढकलतोय."

"मोठ्याने!"

"मी ढकलतोय, ताई!"

"पंखा माझ्याकडे. मी फिरवतेय. केसभर. अजून केसभर. आता मी थांबलेय. बाळ्या?"

"ढकलतोय!"

खट्!

काय आवाज होता तो! चार बोटं एका क्षणात गेली. तंगडी होडीच्या पाठीला अशी जाऊन चिकटली, जशी माहेरी आलेली लेक आईला. बाबांनी आत्याला मिठी मारली आणि तिच्या साडीवर स्वतःचा पूर्ण नकाशा उमटवला. मी आत हात वर धरूनच नाचत होतो.

मग काय, अंगणात आरडाओरडा सुरू झाला. "मी नट लावतोय!" "मी तेल भरतेय, खालून, वरच्या भोकातून येईपर्यंत!" "मी बागेची नळी लावतोय, इंजिनाला पाणी पाजायला!" "मी तुमच्याकडे नुसतं बघतेय!" शेजारीण कुंपणावरून डोकावून विचारून गेली, भांडण आहे का. आत्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, मग गडगडलं. पंखा फिरायला लागला. भात्यापाशी पाण्याचा थेंब नव्हता. बाबांनी तिथे बोट लावून पाहिलं आणि कोरडं बोट आम्हाला प्रत्येकाला दाखवलं.

होडी तलावात उतरली तेव्हा बाकीच्या होड्या रेषेवर उभ्या होत्या. आत्या शेवटच्या जागेवर घुसली, डॉक्टरांच्या शेजारी. त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. शिट्टी झाली.

तलावाला एक फेरी, पलीकडच्या लाल पिंपाला वळसा आणि परत, एवढीच शर्यत. पिंपापर्यंत डॉक्टर पुढे. वळणावर आत्याने होडी अशी आडवी घातली की काठावरच्या निम्म्या लोकांनी डोळे मिटले. बायको माझा दंड दाबत होती. "आली! आली! अहो, आली!" शेवटच्या पट्ट्यात दोन्ही होड्या अगदी बरोबरीत. बाबा तर ओरडायचंच विसरले होते.

डॉक्टर एका हाताच्या अंतराने पहिले आले. आत्या दुसरी.

डॉक्टरांनी इंजिन मंद केलं, टोपी हलवली, फोटोसाठी उभे राहिले. आत्याने इंजिन मंद केलं नाही. ती त्यांच्या शेजारून तशीच सुसाट पुढे निघून गेली, पुन्हा लाल पिंपाच्या दिशेने.

परीक्षकाने शिट्टी वाजवली. मग दुसरी, जरा रागावून. आत्याची पाठ लहान लहान होत गेली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग परीक्षकाकडे, मग बोटांवर फेऱ्या मोजल्या. यंदा दोन तर नाहीत ना? त्यांची टोपी पाण्यात पडली, ती तशीच सोडून ते आत्याच्या मागे लागले. पण आत्या केव्हाच पिंपापाशी पोहोचली होती. तिने वळसा घेतला, मघापेक्षाही आडवा, आणि पाण्याची एक लांब पांढरी भिंत उभी राहिली. काठावर लोक उभे राहून ओरडायला लागले. रेषेवर आत्या पहिली आली. डॉक्टर इतके मागे की खरोखरच दुर्बीण लागली असती. आणि तरीही ती थांबली नाही. तिसऱ्या फेरीला निघाली. शेवटची शर्यत संपवायची तिला घाई नव्हती.

परीक्षक घामाघूम होऊन बाबांकडे आला. "साहेब, बहीण ना तुमची? यांना थांबवायचं कसं?"

"मी जन्मल्यापासून तोच विचार करतोय," बाबा म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून आरामात बसले.