धवलारीण गप्प बसली

सन २००६. काल्हेर गावच्या रामनाथाच्या मुलाची, मनोजची हळद होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीला मोठा मान. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाईल तेव्हाच नवरदेवाला हळद लागायची, आणि काल्हेरात धवलारीण म्हणजे पुतळाबाई.

शेतांवर गोदामं उभी राहून पैसा आल्यापासून हळदीत मटणाबरोबर दारूही राजरोस येऊ लागली होती. आदल्या वर्षी अशाच हळदीतून पुतळाबाईचा एकोणीस वर्षांचा नातू बाळाराम झिंगून मोटरसायकलवर बसला आणि ट्रकखाली पाय गमावून आला. तेव्हाच तिने मनाशी खूणगाठ बांधली, पोरांच्या हाती पेला दिसला तर गायचं नाही.

दिवेलागणीला मनोज पाटावर बसला. मिसरूड फुटलेली पोरं पेले घेऊन नाचत होती. पुतळाबाई तोंड मिटून बसली.

"आत्ये, सुरू कर ना. हलद सुकली," रामनाथ म्हणाला.

"सुकू दे. आधी पोरांचे पेले काढ."

"अगं, सरकारी परवाना काढलाय! सगला कायद्यात हाय."

"पंचवीस वर्षांखालच्याला दारू द्यायची न्हाय, हा पन कायदाच हाय. दुकानावर पाटी हाय."

"नवरदेव तेवीसचा हाय," मांडवातून कोणी ओरडलं. "म्हंजे बायको चालंल, बाटली न्हाय?"

"बायको सांभालता येते का, ते आधी बघू," पुतळाबाई म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या.

रामनाथ भडकला. "तुझ्याबिगर काय अडत न्हाय. वळ गावची राहीबाय आनतो!" त्याने गाडी धाडली.

 राहीबाईही धवलारीण, पण पुतळाबाईची जुनी वैरीण, एका लग्नाच्या मानावरून अबोला धरलेली. ती गायली की आपला शब्दही गेला आणि मांडवातली जागाही.

राहीबाई आली. तिने पोरांचे पेले पाहिले, मग कुबडी मांडीवर घेऊन बसलेला बाळाराम पाहिला. पुतळाबाईशेजारी तिने फतकल मारली.

"सरक जरा, पुतले. मी पन न्हाय गानार. माझ्या घरात बी पोरं हायेत."

 मग मनोजची आई हौसा उठली. धाकट्या लेकाच्या हातातला पेला तिने मांडवाच्या खांबाशी ओतला. मागोमाग चार बायका उठल्या, मग दहा.

"पप्पा," पाटावरून मनोज म्हणाला, "हलद लावायची का उद्या बिनहलदीचा बोहल्यावर जाऊ?"

रामनाथाने स्वतः दारूची खोकी उचलून गाडीत टाकली. दोघी धवलारणींनी एका दमात असा सूर लावला की रस्त्यावरचे ट्रकवाले गाड्या थांबवून ऐकत राहिले.

पुढे हळदीत पोरांना दारू न देण्याची रीत गावात पडली, आणि रामनाथ सांगत सुटला, ती मुळात त्याचीच. हौसा ते ऐकून नुसती हसे. मनोजने पंचविशी ओलांडली तरी पेल्याला हात लावला नाही. बाळाराम गोदामाच्या वजनकाट्यावर लागला, त्याचं लग्नही झालं. त्याच्या हळदीत दोघी म्हाताऱ्या एकाच चटईवर बसून गायल्या. राहीबाई गेली तेव्हा तिला शेवटचं लुगडं पुतळाबाईने नेसवलं. पुतळाबाईचा गळा आता बसलाय, पण ती मांडवात शिरली की आजही पोरं हातात सरबत असलं तरी पेला पाठीमागे लपवतात.