बसस्टँडसमोरचा फ्लेक्स

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या बसस्टँडसमोर तो भलामोठा फ्लेक्स भुजंगरावांनीच हौसेनं लावला होता, आणि आता त्याच्याकडे मान वर करून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. पण बघावं तर लागायचंच. दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून रोज सकाळी मारोतीच्या हॉटेलात यायचं, आणि हॉटेल नेमकं त्या फ्लेक्सच्या खाली.

फ्लेक्स लागला तेव्हा त्यांची छाती फुगली होती, हे खरं. पोरगी साक्षी राज्याच्या कबड्डी शिबिरासाठी निवडली गेली होती. शिबिर लातूरला, उन्हाळ्यात. शेतकऱ्याच्या घरात एवढी गोष्ट घडली म्हटल्यावर बापानं फ्लेक्स लावायचा नाही तर कुणी? वाढदिवसाला अन् बारशालाही फ्लेक्स लावणारा हा मुलूख.

फ्लेक्स छापणारा रामलिंग म्हणाला, "भुजंगराव, नुसती पोरगी टाकली तर कोण बगतंय? संगं मोठं माणूस पाह्यजे."

मोठं माणूस होतंच. अमरनाथ, लातूरजवळच्या मुरुडचा. लीगमध्ये खेळणारा, टीव्हीवर दिसणारा, चढाईला निघाला की सगळं लातूर जागेवरून उठायचं तो अमरनाथ. हिवाळ्यात लोह्याच्या स्पर्धेत बक्षिसं वाटायला आला होता. तेव्हाचा फोटो भुजंगरावांच्या मोबाइलमध्ये होता. एका कडेला अमरनाथ, दुसऱ्या कडेला ट्रॉफी घेतलेली साक्षी आणि मधे गर्दी: साक्षीचे सर, दोन पुढारी, आणि साक्षीला अगदी चिकटून तिची आई सिंधु.

"ही मधली मानसं कामून? जागा खातेत नुसती," असं म्हणत रामलिंगनं कॉम्प्युटरवर सगळ्यांना उडवलं, आणि दोघांना सरकवून खांद्याला खांदा लावून उभं केलं. अमरनाथ मोठा, साक्षी जराशी लहान. वर छापलं, 'मराठवाड्याचा वाघ अमरनाथ यांच्या आशीर्वादाने.' निवडीचं अभिनंदन त्याच्या खाली, बारीक अक्षरात.

सिंधुनं फ्लेक्स बघितला आणि हसली. "मला तर पुसूनच टाकलं की!" भुजंगरावही हसले. फ्लेक्स तीन महिने डौलात फडफडला.

मग एका संध्याकाळी अमरनाथच्या बायकोनं, मंजुषानं, लातूरहून एक व्हिडिओ टाकला. बाई रडत नव्हती, शांतपणे बोलत होती. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, घरी येणं बंद आहे, आपण वेगळं राहणार आहोत. एवढं सांगून थांबली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण शेवटी ती म्हणाली, "ती पण खेळाडूच हाय, नांदेडकडची." नाव घेतलं नाही. तिला वाटलं असेल, नाव न घेऊन आपण त्या मुलीवर उपकारच केले.

लातुरात म्हणे दोघातिघांनी त्याच्या नावाचे टी-शर्ट जाळले. लोह्यात तसलं काही झालं नाही. इथं अमरनाथला कुणी बोल लावला नाही. "मर्द गडी हाय, चालायचंच," असं म्हणून त्याला सोडून दिलं, आणि सगळं गाव एकाच कामाला लागलं: ती पोरगी कोण? आता ज्या गावाच्या चौकात त्याच्या खांद्याला खांदा लावून एक खेळाडू पोरगी तीन महिने उभी आहे, त्या गावाला शोधायला लांब कशाला जावं लागतंय?

दुसऱ्या दिवशी भुजंगराव हॉटेलात शिरले आणि बोलणं थांबलं. मारोतीनं मापात दूध ओतून घेतलं, पण रोजच्यासारखा चहा पुढे केला नाही. बाकावरच्या एकानं मोबाइल उलटा ठेवला.  गाडीला किक मारताना मागून आवाज ऐकू आला, "खांद्यावरचा हात बगितला का? हात तर बग!"

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट वर बघितलं. साक्षीच्या खांद्यावर बोटं होती. मागून आलेली चार बोटं, अमरनाथ उभा होता त्याच बाजूनं. मूळ फोटोत दोघं दोन टोकांना होते, हे घाबरलेल्या भुजंगरावांना आठवलंच नाही.  तीन महिने ही बोटं आपल्याला दिसली कशी नाहीत?

ते घरी आले. साक्षी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. तिच्याकडे बघताना, खरं सांगायचं तर, त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सरावाला म्हणून ती नांदेडला जात होती. कधी एकटी, कधी मैत्रिणीबरोबर. फोनवर हळू बोलायची. पोरी बोलतातच हळू. पण आता प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ चिकटत होता. हा विचार मनात आला याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो काही जाईना.

गावाच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो फिरला, बोटांभोवती लाल गोल काढून. थोरले भाऊ शेषेराव दुपारच्या उन्हात चालत आले, पाणीही प्याले नाहीत.

"लातूरला धाडणार हायस पोरीला? त्याच्या मुलखात? लोक काय म्हणतील, कळतंय का तुला? सरांला फोन कर, आजारी हाय म्हण. आन् एखादं ठिकाण बगून लगीन उरकून टाक."

"दादा, पोरीनं काय केलं न्हाई."

"मी म्हणून राहिलो का केलं म्हणून? पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? तो फ्लेक्स तरी उतरव आधी."

भुजंगराव "बरं" म्हणाले. ते नेहमीच भावाला "बरं" म्हणत आले होते. फ्लेक्सचं मात्र त्यांना मनापासून पटलं. फ्लेक्स गेला की बोटं गेली, बोटं गेली की बोलणं गेलं. घाबरलेल्या माणसाला असंच सोपं दिसतं.

सकाळी दूध घालायच्या आधी, चौकात झाडूवाल्याशिवाय कुणी दिसत नसताना, ते खांबावर चढले. दोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या, गाठी सुटेनात. विळ्यानं कापल्या, फ्लेक्स ओढून घेतला, घडी घातली आणि मान खाली घालून घरी आले. घरी आणून करायचं काय, तर जे सगळे करतात तेच. कडब्याच्या गंजीवर उलटा टाकला, छापील बाजू खाली, आणि वर चार दगड ठेवले.

दिवस वर यायच्या आत सगळ्या मोबाइलवर ते स्वतःच होते. खांबावर चढलेले, चोरासारखे इकडेतिकडे बघणारे. पहिल्या गाडीची वाट बघणाऱ्या कुणीतरी शूटिंग केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'बापानेच फ्लेक्स काढला. आता तरी खरं काय ते समजा!'

भुजंगराव ओट्यावर बसून राहिले. काल गाव नुसतं बोलत होतं, आज त्याच्या हातात पुरावा होता, आणि तो त्यांनीच दिला होता. सिंधुनं चहा आणून ठेवला. कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडल्यापासून तिची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती, कप धरताना ती वेगळीच दिसायची. तिनं विचारलं, "साक्षीला दावलं का हे?"  त्यांनी फोन हातात घेतला. सरांचा नंबर काढला. 'साक्षी आजारी हाय,' एवढंच बोलायचं होतं. शिबिर सोमवारी सुरू होणार होतं, आज न सांगून भागणार नव्हतं. अंगठा नंबरावर ठेवून ते नुसतेच बसले.

तेवढ्यात गोठ्याकडून हाक आली. "आबा! इकडं या."

साक्षी गंजीपाशी उभी होती. म्हशीला कडबा काढायला गेली होती. दगड बाजूला पडले होते आणि फ्लेक्स सरळ करून जमिनीवर पसरलेला होता.

"तुमी काढला?"

"हाव."

"कामून?"

"लोक बोलून राहिले होते, बाई. त्या हातावरून..."

"व्हिडिओ बगितला म्या. लोकांचं सोडा." तिचा आवाज चढला नाही. "आबा, तुमाला बी तसंच वाटलं का?"

'न्हाई' एवढा एक शब्द म्हणायला किती वेळ लागतो? भुजंगरावांना लागला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाले. पण मधे जो वेळ गेला तो साक्षीनं बघितला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चढाईला आलेल्या पोरीची लाथ छातीवर घेणारी पोरगी ती, तिला रडताना त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं.

"इकडं या," ती म्हणाली. "खाली बसा. हा हात नीट बगा."

भुजंगराव फ्लेक्सजवळ उकिडवे बसले. ऊन थेट पडलं होतं. चार बोटं. तीन सरळ, आणि कडेची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

त्यांनी सावकाश मान वळवली. सिंधु दारात उभी होती, रिकामा कप हातात घेऊन, करंगळी बाहेर काढून.

"आई मपल्याजवळ उभी होती त्या दिवशी," साक्षी म्हणाली. "रामलिंगकाकानं तिला पुसलं, बोटं ऱ्हायली. गावाला न्हाई वळखू आली, गावाला कामून वळखू यावी? पन तुमाला, आबा?"

भुजंगरावांना कुठं तोंड लपवावं कळेना. ज्या हातची भाकर वीस-बावीस वर्षं खाल्ली, तो हात त्यांनी परक्या माणसाचा समजला होता. गाव खोटं बोललं ते बोललं, त्यांनी ते घरात आणून ठेवलं होतं.

"सांगतो सगळ्यांला," ते घाईघाईनं म्हणाले. "मूळ फोटो टाकतो ग्रुपवर. करंगळी दावतो. आत्ता टाकतो."

"नगं." साक्षीनं डोळे पुसले. "कुनाकुनाला दावत फिरता? आज करंगळी मागतेल, उद्या अजून काय तरी मागतेल. मला एकच सांगा. निवड मपली झाली होती ना? मंग तो कशाला पाह्यजे होता त्यात?"

  भुजंगराव उठले, घरात गेले, विळा घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. फोन खिशातच राहिला.

सोमवारी चौक भरलेला होता. लातूरची गाडी यायची होती. भुजंगरावांनी मारोतीच्या हॉटेलातून स्टूल मागितलं. मारोतीनं आधी आजूबाजूला बघितलं, मग दिलं. भुजंगराव चढले, साक्षीनं खालून दोरी पुरवली. गाठ दोनदा सुटली. मागे मोबाइल वर झालेले त्यांना न बघताच कळत होते. शेषेराव रस्त्यापलीकडे येऊन उभे राहिले होते. "भुजंग, खाली उतर!" त्यांनी आवाज दिला. आयुष्यात पहिल्यांदा भुजंगराव "बरं" म्हणाले नाहीत. तिसरी गाठ बसली.

फ्लेक्स उलगडला. अर्धाच. वाघ गेला होता, त्याचे आशीर्वाद गेले होते. कापलेली कड वाकडीतिकडी होती. साक्षी होती, ट्रॉफी होती, बारीक अक्षरातलं अभिनंदन होतं. आणि खांद्यावर ती चार बोटं तशीच होती. साक्षीनं विळा त्यांच्या बाहेरून फिरवला होता.

"हे काय, अर्धाच?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आणि मग जे यायचं होतं ते आलंच. "आन् त्याचा हात तेवढा ठिवला की!"

दोघंतिघं हसले.  स्टुलावर उभ्या उभ्या भुजंगरावांना वाटलं, सांगावं ओरडून. पण साक्षीनं खालून त्यांच्याकडे बघितलं आणि ते गप्प राहिले.

गाडी आली. साक्षीनं बॅग उचलली. सिंधु इतका वेळ बॅगेजवळ उभी होती. ती पुढे झाली, डोक्यावरचा पदर सावरला आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. दाखवण्यासाठी नव्हे. पोरगी परगावी निघाली की कुठलीही आई ठेवते, तसा. वर अर्ध्या फ्लेक्सवर साक्षी, खाली साक्षी, आणि दोघींच्याही खांद्यावर तीच वाकडी करंगळी.

मारोतीनं वर बघितलं, खाली बघितलं. मग पुन्हा वर. हसणारे कधी थांबले ते भुजंगरावांना कळलं नाही.

"वयनी," मारोती हळूच म्हणाला, "हा हात..."

सिंधुनं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. "पोचली की फोन कर," ती साक्षीला म्हणाली, आणि कंडक्टरनं बेल मारेपर्यंत तिनं हात काढला नाही.