टबातली वाघीण

डाळज गावच्या प्रतिक्षानं मागच्या पडवीत डासांच्या अळ्या पाळल्या, तेव्हा तिच्या आईनं, सारजानं, कपाळावर हात मारून घेतला.

"लोकं गाया पाळत्यात, कोंबड्या पाळत्यात. आमच्या पोरीनं मच्छर पाळलं! पाव्हण्यारावळ्यांत सांगू काय?"

प्रतिक्षा बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती. डबक्यातल्या अळ्या नेमकं काय खाऊन पोसतात, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. घरात आज्याच्या काळी मेंढरं होती, आता वडील सिद्धू धरणाच्या फुगवट्याकडेला ऊस करत. खाद्याला तोटा नव्हता. एका टबात कुजलेलं पाचट, दुसऱ्यात शेवाळ, तिसऱ्यात शेणपाणी. डास घरात सुटू नयेत म्हणून प्रत्येकावर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधलेलं. पाचटाच्या टबात तर अळ्यांची नुसती चंगळ होती. तोंडापाशी असलेल्या केसांच्या कुंचल्यांनी पाणी घुसळायचं, बारीक गाळ आणि जंतू ओढून गिळायचे, दिवसभर दुसरा उद्योग नाही.

आणि एका सकाळी तोच टब जवळजवळ रिकामा दिसला. एवढी झुंड वळवळत होती, तिथं जेमतेम चार-दोन उरलेल्या.

प्रतिक्षाचं डोकं फिरलं. "आई, तूच ओतलंस ना पाणी? सगळी मेहनत मातीत घातलीस माझी!"

सारजा चुलीपुढून उठली. "मी? तुझ्या टबाला मी बोटबी लावलं न्हाय. सख्ख्या आईवर आळ घेतीस व्हय गं?"

एवढं बोलून तिनं लेकीशी अबोला धरला. प्रतिक्षानं मुकाट्यानं शेताकडच्या खड्ड्यातनं नव्या अळ्या आणून टबात सोडल्या आणि आत जाऊन पुस्तक उघडलं. अक्षर डोक्यात शिरेना. आपण फार लागट बोललो, हे तिला आतून डाचत होतं.

दुपारी पडवीतनं हाक आली, "अगं पळ! लवकर ये!"

सारजा टबाशी ठाण मांडून बसली होती. चोर पकडून लेकीच्या पुढ्यात उभा करायचाच, असा तिचा हट्ट होता. "ही थोरली बघ. धाकटीला धरून बसलीया!"

प्रतिक्षा वाकली. टबाच्या कडेला एक जाडजूड, काळपट अळी तिरकी लटकली होती. तिच्या तोंडात दुसरी अळी, जिवंत, शेपूट आपटणारी. बघता बघता ती अर्धी आत गेली. प्रतिक्षाच्या अंगावर काटा आला. अळ्यांवर जगणाऱ्या अळ्या असतात हे तिनं वाचलं होतं, पण खड्ड्यातल्या अळ्यांबरोबर आपल्याच पडवीत एखादी येईल असं कधी वाटलं नव्हतं. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले.

"चुकलं माझं, आई."

"ते ऱ्हाऊ दे. आधी त्या वाघिणीला येगळी काढ. न्हायतर ह्याबी गट्टम करंल."

कॉलेजात निकिता मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मेलेली अळी कुठलीही अळी कुरतडते गं. ही जिवंत सावज धरते ना? मग ते परीक्षकांसमोर दाखव."

परीक्षेच्या दिवशी प्रतिक्षा काचेची बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसली. सारजाही हट्टानं बरोबर आली. प्रयोगशाळेत बरणीतल्या अळ्या बशीत ओतून कॅमेऱ्याच्या दिव्याखाली ठेवल्या, पडद्यावर चित्र आलं. थोरली अळी काडीसारखी निपचित. बारक्या तिच्या नाकासमोरून खुशाल फिरत होत्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. प्रतिक्षा बशीवर वाकली.

ही खाते ती पडवीच्या सावलीत, आणि आपण तिला भगभगीत उजेडात ठेवलंय. तिच्या एकदम ध्यानात आलं. तिनं दिवा मंद केला, खिडकीचा पडदा ओढला.

एक बारकी अळी वळवळत जवळ आली. थोरलीनं मान फिरवली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झडप घातली.

"धरली! धरली गं बाय!" सारजा बाकावरून उभीच राहिली.

अख्खा वर्ग टाळ्या पिटायला लागला. परीक्षक पडद्याला नाक लावून म्हणाले, "पुन्हा दाखवा. सावकाश." चित्रण सावकाश फिरवल्यावर स्पष्ट दिसलं: हिच्या तोंडाचे केस मऊ कुंचल्यासारखे नव्हते, फणीच्या दात्यांसारखे राठ होते, आणि त्यांतच सावज अडकलं होतं.

"उत्तम," ते म्हणाले. "हे काम इथं थांबवू नका. पीएच.डी. करणार का?"

"हो सर!" प्रतिक्षाचा आवाज प्रयोगशाळेभर घुमला. निकिता मॅडमनी तिची पाठ थोपटली, आणि सारजानं पदरानं डोळे टिपले.

परतीच्या गाडीत सारजानं शेजारणीला सगळी हकीगत सांगितली. शेजारणीनं ती पुढच्या बाकावर सांगितली. भिगवण येईस्तोवर अर्धी गाडी मायलेकींभोवती गोळा झाली होती.

"पर पोरी, ही उडायला लागल्यावर आमाला चावंल का?" एका आबांनी विचारलं.

"बहुतेक पाखरांनाच चावते, आबा."

"मग आमच्या गटारीत सोड की चार!"

सगळी गाडी हसली. सारजा मात्र मान ताठ करून म्हणाली, "सोडंल की. पर आधी डॉक्टर होऊ द्या तिला."