शालीआड चकती

मार्गशीर्षातले कोवळे ऊन भैरवमाथ्याच्या खांद्यावर उतरले, तेव्हा दरीतले धुके अजून अंथरुणातच होते. जांभळींची पाने दवाने जडावली होती. हिरड्यांच्या बुंध्यांवर शेवाळाची ओली मखमल चढली होती. पानापानांतून केशरी उजेड झिरपत होता, झिरपत होता, आणि पायवाटेवर त्याची नाणी नाणी होऊन सांडत होती.

त्या रानात, चढउतारांच्या अंगाने, झाडांआड लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबाला एक टोपली, टोपलीवर चंदेरी साखळ्यांची झालर. दगडी ओट्यावरून ताटलीएवढी चकती भिरकवायची, पडेल तिथून पुन्हा भिरकवायची, आणि होईल तितक्या कमी फेकींत टोपली गाठायची. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. चकती साखळ्यांना भिडली की सारे रान क्षणभर किणकिणते.

रत्नाकर पाटणकर त्या किणकिणाटाचा लोभी होता. दर रविवारी तो हा डोंगर चढायचा. आज त्याच्यासोबत त्याची बायको होती, सुनेत्रा.

वैशाखात तिच्या अंगावरून वारे गेले होते. उजवा हात वठलेल्या फांदीसारखा लोंबू लागला. जीभ जड झाली. शब्द ओठांच्या उंबऱ्यावर अडखळू लागले. तेव्हापासून ती कुणाच्या घरी गेली नव्हती, कुणाच्या समोर फारशी बोलली नव्हती. आणि आज भल्या पहाटे तीच म्हणाली होती, "अहो, मीपण येते. खेळायला."

तो हसून बरे म्हणाला होता. गाडीत तिच्या मांडीवर एक चकती होती, जास्वंदीसारखी लालभडक. डाव्या हाताची बोटे तिच्या काठावरून सारखी फिरत होती.

पहिल्या ओट्यापाशी ती उभी राहिली. शाल सावरली. पाय रोवले. डावा हात छातीशी वळवला. दवभरल्या गवतात ती कृश आकृती वाकलेल्या धनुष्यासारखी ताणली गेली.

तेवढ्यात वळणावरून माणसे आली. विश्राम देसाई आणि त्याची बायको मंदाकिनी, रत्नाकरचे खेळातले सोबती. दोघेही सडपातळ, चपळ, उन्हासारखी झळाळणारी.

"अरे वा, वहिनी! आज तुम्हीही खेळणार का?" मंदाकिनीने कौतुकाने विचारले.

सुनेत्राचे ओठ हलले. शब्द निघाला होता, वाटेत होता. पण त्याला पोचायला जो निमिष हवा होता, तेवढाही रत्नाकरला सोसला नाही. तिची चकती वेडीवाकडी जाईल, तिचे बोलणे घसरेल, ही दोघे समजूतदारपणे हसतील, असे सारे त्याच्या डोळ्यांपुढून सरकले. आणि तो घाईघाईने म्हणाला, "छे छे! ती कसली खेळतेय! नुसती हवा खायला आली आहे."

ओठ मिटले. धनुष्य सैल झाले. ती लाल चकती हळूच, अगदी हळूच, शालीआड गेली.

रत्नाकरने ते पाहिले. पाहून न पाहिल्यासारखे केले.

मग खेळ सुरू झाला. त्याचा हात आज काही औरच चालत होता. चकत्या झाडांच्या कमानींखालून सुसाटत जात, वळणावर झुकत, थेट टोपलीत शिरत. साखळ्या किणकिणत. विश्राम टाळ्या पिटे. पण प्रत्येक किणकिण त्याच्या कानात वाकडी वाजत होती. गवताला वाटे, त्याने थांबावे. वाऱ्याला वाटे, त्याने वळून पाहावे. तो थांबला नाही. वळला नाही. मागून येणाऱ्या पावलांचा फरफटता आवाज दूर दूर जात होता, आणि त्याला, देवा, त्याला त्यानेच बरे वाटत होते.

एका चढावर तो आवाजच थांबला.

त्याने मागे पाहिले. वाट रिकामी होती. नुसती ऊन-सावल्यांची हलती जाळी. "तुम्ही व्हा पुढे," असे म्हणून तो उतरणीला लागला, आधी चालत, मग धावत.

कारवीच्या झुडपांपलीकडे ती दिसली. एका अंजनीच्या झाडासमोर उभी राहून ती चकती फेकत होती. चकती झाडापर्यंत पोचतच नव्हती. सुनेत्रा जाई, वाके, ती उचले, परत येई, पुन्हा फेके. शाल गवतात पडली होती. कपाळावर घाम होता. पदराला कुसळे चिकटली होती. आणि चेहऱ्यावर कुठलेही दुःख नव्हते, होती फक्त एकाग्रता. शाळकरी मुलीची, निर्मळ, निश्चल एकाग्रता.

ती पाहून तो जागच्या जागी खिळला. त्याचे कान तापले. आजवर तो तिच्या लुळ्या हाताची लाज लपवत आला होता. आता त्याला कळले की हातात लाजण्याजोगे काहीच नव्हते. लाज होती ती त्याच्या धडधाकट जिभेची.

"सुने," तो म्हणाला. पुढे शब्दच येईना. आज अडखळायची पाळी त्याची होती.

तिने वळून पाहिले. "अहो... तुमचं चालू द्या. माझी... तिरकी जाते. लोकांत... बरं नाही दिसत."

"तसं मला वाटलं, सुने. तू म्हणाली नव्हतीस. मी खोटं बोललो त्यांच्याशी."

चढावर विश्राम आणि मंदाकिनी त्याला शोधत आली होती. रत्नाकरने मान वर केली. त्याचा आवाज चिरकला, पण रानभर ऐकू गेला. "विश्राम! ही हवा खायला नव्हती आली रे! खेळायलाच आली होती. मला लाज वाटली, म्हणून मी खोटं सांगितलं."

मंदाकिनीने नजर खाली वळवली.

"मग या ना, वहिनी," विश्राम म्हणाला. "पुढची फेक तुमची."

सुनेत्राने सावकाश शाल उचलली, झटकली, खांद्यावर घेतली. मग एकेक शब्द वेचत, स्वच्छ स्वरात म्हणाली, "आज नको. आज खेळले... तर ते यांनी... परवानगी दिल्यासारखं होईल. मी येईन. माझी... मी येईन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपे गेले असते.

ती उतरू लागली. त्याने आधाराला हात पुढे केला. तिने तो पाहिला, आणि शेजारच्या हिरड्याला धरून पाऊल खाली टाकले. एक झाड सोडले, दुसरे धरले. तो मागून निघाला. आपल्या सवयीच्या लांब ढांगा आखडत, तिच्या पावलामागे पाऊल टाकत, ती थांबेल तिथे थांबत.

दरीतले धुके विरले होते. समोरच्या डोंगरावर एका एकाकी ढगाची सावली पडली होती. ती सावली कडा उतरली, रान उतरली, शेते उतरली. सावकाश, मुकाट, मान खाली घालून उतरतच राहिली.