दोन फोन आणि एक करंगळी

माझ्या बाबांनी स्वतःचा फोन एका दातांच्या डॉक्टरांच्या बाथरूममध्ये फरशीमागे चिणला. मुद्दाम नव्हे हो. टबाच्या बाजूला फरशा लावताना ते आत वाकले, शर्टाच्या खिशातला फोन घसरून टबाखालच्या पोकळीत गेला, आणि बाबांनी शेवटची फरशी बसवली, सांधे भरले, ओल्या स्पंजने सगळं लख्ख पुसलं आणि दोन पावलं मागे जाऊन स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघितलं. घरी येऊन खिसा चाचपला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बटणांचा फोन तो. त्याची बॅटरी लवकर मरत नाही. पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टरांकडे कोणी तोंड धुवायला गेलं की टबाच्या पोटातून टुणुक-टुणुक यायचं. डॉक्टरांच्या सासूबाईंनी त्या बाथरूमचं नावच टाकलं.

बाबांना धंद्यात सगळे लेव्हल मिस्त्री म्हणतात. खिशात कायम वीतभर लेव्हल असते, ती बुडबुड्याची नळीवाली. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी जमीन बघतात, मग माणसं. अशा माणसाने फोन भिंतीत गाडला हे जगाला कळलं तर काय राहिलं? म्हणून बाबा गप्प बसले. घरातसुद्धा.

आणि तिथेच माती खाल्ली. कारण ते टुणुक-टुणुक म्हणजे माझी आई होती.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तिच्या तोंडून नुसती हवा येते, रागावली की जरा जास्त. घरात असलं की ती टाळी वाजवते, ताटलीवर चमचा आपटते, भुवयांनी तर पूर्ण भांडण करू शकते. पण बाबा कामावर असले की उरतो तो फोन. मी तिला स्मार्टफोन घेऊन दिला होता. त्यावर दोन्ही अंगठे असे पळवते की पूर्वी बोलायची तोच वेग. बाबा एका हातात थापी धरून, दुसरा हात खिशात घालून, न बघता बटणं दाबून उत्तर द्यायचे. आधीच्या तीस वर्षांत दोघं जेवढं बोलले नाहीत तेवढं या दोन वर्षांत बोलले असतील. निम्मं भांडणच, पण बोलणं ते बोलणं.

फोन गाडला गेल्यावर आई रोज मेसेज पाठवायची, उत्तर नाही. संध्याकाळी भुवया उंचावून विचारायची. बाबा म्हणायचे, "काम फार होतं गं, हात सिमेंटात."

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले तर आई पाय गार पाण्याच्या बादलीत घालून बसलेली.

"हे काय झालं?"

आईने स्वतःच्या फोनकडे बोट दाखवलं, मग बाबांकडे. मेसेज वाचला नाहीत?

आणि आमच्या लेव्हल मिस्त्रींनी, निव्वळ लाजेपोटी, आयुष्यातलं सगळ्यात वाकडं वाक्य बोलून टाकलं. "वाचला की!"

झालं. म्हणजे वाचला, आणि तरी आले नाहीत. आईने अबोला धरला. जिला आवाजच नाही तिने अबोला धरला तर काय फरक पडतो, असं तुम्हाला वाटेल. येऊन बघा एकदा. ना टाळी, ना चमचा, ना भुवई. चेहरा धुतलेल्या फळ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मला फोन आला. "तुमच्या वडिलांचा फोन बहुतेक आमच्या टबाखाली आहे. कालपासून वाजायचा बंद झालाय, त्यामुळे सासूबाई आता जास्तच घाबरल्यात."

मी धावत आईकडे गेले, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. फोन हरवला ते ठीक. खोटं का बोललात, हे राहिलंच की.

"बाबा, एक फरशी फोडा आणि काढा फोन," मी म्हटलं.

"फोडू? केसभर सांधा ठेवलाय तिथे! एक फोडली की ओळ गेली. तसली फरशी आता येतही नाही." मग आवाज खाली आणून, "आणि तो काढूनही उपयोग काय? कंपनी म्हणते, पुढच्या महिन्यापासून बटणांचे जुने फोन चालायचेच नाहीत. नवाच घेऊ. पण तिच्याशी बोलता आलं पाहिजे बघ त्याच्यावरून. बाकी काही नको."

आईला मी बरोबर घेतलं. "मी येणार नाही" असं ती म्हणाली नाही, कारण ती काहीच म्हणत नव्हती.

मोबाईलच्या दुकानातल्या माणसाने टाय इतका घट्ट बांधला होता की बोलताना डोळे पुढे यायचे. त्याने आईला स्टूल दिलं. ती लंगडत जाऊन बसली, पर्स मांडीवर, तोंड दाराकडे. टायवाल्याने काउंटरवर दोन फोन मांडले. एक काळा, आरशासारखा. दुसरा निळा, जाडजूड, कडांना रबर.

"काका, दोघांची किंमत सारखीच. बजेटचं टेन्शनच नाही. आता तुम्ही फक्त हातात घेऊन फील बघा."

बाबांनी फील बघितला. आधी खिशातली लेव्हल काढून काळ्यावर ठेवली. बुडबुडा मध्ये येईना.

"हा झुकतोय."

"काका, तो कॅमेरा आहे मागे. त्याचा उंचवटा."

"मग तो आत का नाही बसवला? घाई केली कारागिराने." मग बाबांनी फोन कानाशी नेला आणि बोटाच्या पेराने ठोकला, चारही कोपऱ्यांवर, फरशी पोकळ आहे का बघतात तसा. "आणि इथे खाली पोकळ वाजतंय. माल कमी भरलाय."

"काका, तिथे स्पीकर आहे."

"असेल. पण पोकळ आहे."

निळ्याचे कोपरे बाबांनी काउंटरच्या कडेला लावून बघितले. "हा गुण्यात नाही, काटकोन एकही नाही. चारही कोपरे गोल."

"सगळेच गोल असतात काका!"

"सगळेच चुकलेत म्हणजे बरोबर झालं का?"

टायवाल्याने टाय सैल केला. "याला एकशेआठ मेगापिक्सेल आहेत," तो शेवटचा बाण काढल्यासारखा म्हणाला.

"बरं. पाण्यात पडला तर?"

"चालतो!"

"सिमेंटात?"

यावर कंपनीने त्याला काही शिकवलं नव्हतं.

खरी पंचाईत पुढे होती. काळा फोन सुरू करायला बोटाचा ठसा लागत होता. बाबांनी बोट ठेवलं. फोन म्हणाला, बोट पुन्हा ठेवा. बाबांनी पुन्हा ठेवलं. अंगठा, तर्जनी, उजवा हात, डावा हात झाला. फोनच्या मते बाबांना बोटंच नव्हती.

"काका, हात दाखवा बघू." टायवाल्याने तळहात उलटा केला आणि बोटांवरून अंगठा फिरवला. तीस वर्षं फरशा घासून बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. वर चामडं असं, की टाचणी टोचली तर टाचणी वाकेल.

"चोऱ्या करायला मोकळे आहात काका तुम्ही."

"वेळ कुठे मिळतो?"

ठसा सोडून दिला. पण नुसत्या स्पर्शालाही काच दाद देईना. "जरा दाबून," टायवाला म्हणाला. हे त्याने म्हणायला नको होतं. बाबांनी तळहाताची टाच काळ्या फोनवर ठेवली आणि फरशी बसवताना देतात तसा खांद्यातून रेटा दिला. फोन काउंटरवरून सटकला, चोरी होऊ नये म्हणून बांधलेली त्याची तार तुटली आणि दुकानभर चोर आल्याचा भोंगा सुरू झाला. शटरजवळ उभं असलेलं एक गिऱ्हाईक हात वर करून बसलं खाली.

भोंगा बंद होईपर्यंत मी चोरून आईकडे बघितलं. पर्सचा बंद तिने दातात धरला होता. हसू दाबायला. पण बाबा वळले तसा चेहरा पुन्हा फळा.

बाबांचा धीर सुटला. "राहू दे. या वस्तू माझ्यासारख्यांसाठी नाहीत." हात पँटला पुसत होते, जणू सिमेंट लागलंय म्हणूनच काच ऐकत नाही. "मी आता कामं जवळचीच घेईन. दुपारी घरी चक्कर मारून जाईन. तिला हाकच मारता येत नाही ना. काही झालं तर कळायचं कसं?"

हे ते माझ्याशी बोलत होते, पण दाराकडे बघत.

टायवाला माणूस चांगला होता. "थांबा काका! या काळ्याला बोट लागतच नाही. तुम्ही बोला, तो लिहितो. काकू लिहितील, तो वाचून दाखवतो. म्हणजे काकू बोलल्यासारखंच झालं की! ताई, दुकानाच्या नंबरवर एक मेसेज टाका बघू."

आईच्या पर्समधून मी तिचा फोन घेतला. तिने अडवलं नाही. मी घाईत बाबांच्या नावाखालचा शेवटचा मेसेज उचलला आणि पुढे ढकलला. काळा फोन चमकला आणि आतून एक बाई बोलायला लागली. आवाज असा गोड, की विमानतळावर नोकरी मिळावी.

"पडले आहे. घाबरू नका. पाय मुरगळला आहे, उठता येत नाही. ओट्याखालीच बसून आहे. काम टाकून या. वाट बघते."

बाईने त्याच गोडीत विचारलं, "उत्तर देऊ इच्छिता?"

"बंद कर तिला," बाबा म्हणाले.

त्यांनी फोन उचलला, हात लांब करून धरला आणि ती ओळ स्वतः वाचली. ओठ हलत होते. एकदा वाचली, दोनदा वाचली. दुसऱ्यांदा "काम टाकून या"पाशी त्यांनी मान अशी मागे घेतली, जशी पूर्वी आई स्वयंपाकघरातून ओरडली की घ्यायचे.

"हा फोन नको," त्यांनी सांगितलं.

"अहो काका, पण काकूंना आवाज मिळतोय—"

"हिचा आवाज? ही कोण कुठली बाई! माणूस ओट्याखाली पडलंय आणि ही मध लावून सांगतेय. मी वाचतो ना, तेव्हा बरोबर ओरडते ती. मला ऐकू येतं." मग ते आईच्या स्टुलापाशी गेले. उभ्याने नाही, फरशी बसवायला बसतात तसे गुडघ्यांवर. "मी वाचला नव्हता गं. फोन टबाखाली होता. सांगायची लाज वाटली. वाचला असता तर सिमेंटचे हात घेऊन पळत आलो असतो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातून तिने स्वतःचा फोन काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. उलटा नाही, सुलटा.

"काका, निळा!" टायवाला एकदम ओरडला. "निळ्यात हातमोजे घालून चालवायचं सेटिंग आहे! माझ्या लक्षातच नव्हतं!"

सेटिंग लावलं. तर्जनी लावली, काही नाही. अंगठा, काही नाही. पण करंगळी लावताच निळा फोन उजळला. फरशी बसवताना करंगळी वर असते ना, सिमेंटपासून लांब. सगळ्या हातात तेवढंच एक बोट अजून माणसाचं राहिलं होतं.

दुकानाचं सिमकार्ड काळ्यातून काढून निळ्यात घातलं, आईचा नंबर भरला. बाबा काउंटरला कोपर टेकून, करंगळी ताठ करून, नवरीला कुंकू लावतात तशा काळजीने एकेक अक्षर दाबायला लागले. एक अक्षर चुकलं. पुसताना तीन गेली. टायवाल्याने मध्ये दोन गिऱ्हाइकं आटोपली. मी मदत करायला गेले तर बाबांनी कोपराने ढोसलं. आई दाराकडे बघत होती, पण मान हळूहळू वळत होती, ती त्यांना दिसू नये इतकी.

सात मिनिटांनी आईचा फोन वाजला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

"पाय कसा आहे"

आईचे अंगठे नुसते थरथरले म्हणावं इतक्या झटक्यात उत्तर गेलं. निळा फोन गुरगुरला. बाबांनी तो लांब धरून वाचला आणि तोंडभर हसले.

"काय लिहिलंय?" टायवाल्याला राहवेना.

"शिव्या देतेय," बाबा आनंदाने म्हणाले. "हाच द्या. गुण्यात नाही, पण द्या."

बसस्टॉपवर दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. आईने लिहिलं. निळा गुरगुरला. बाबांनी वाचलं, मान मागे घेतली, करंगळी उचलली. आई त्यांच्या करंगळीकडे बघत थांबली. शेजारीच तर बसलेले, पण दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती.

पहिली बस गेली. "बाबा, आपली होती," मी म्हटलं. त्यांनी करंगळीनेच मला गप्प केलं. दुसरीही गेली.

"आई, इतकं काय चाललंय, बघू तरी," म्हणत मी वाकले, तर तिने स्क्रीनवर तळहात झाकला आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरून तोंड रस्त्याकडे वळवलं. बघ, बस येतेय का.