रुपयाचा आवाज

"अंकल, इथं परत एकदा वाजवा ना," श्रुतिका म्हणाली.

मी वाजवलं. खारदांड्याच्या किनाऱ्यावर निलेशची फायबरची बोट ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. मी तिच्या पोटाशी उकिडवा बसलो होतो, हातात माझा जुना जाड रुपया. एकोणतीस वर्षं मी हेच करतो. बोट ठोकायची आणि ऐकायचं. फायबरचे थर घट्ट असले तर टण् वाजतं, आतून सुटले असले तर भद्द. वरून रंग कितीही झकास असो, रुपया फसत नाही. अंधेरीच्या आमच्या बोटी तपासणाऱ्या कंपनीत म्हणायचे, कान असावा तर लिओनार्डसारखा.

ही बोट मी सोमवारीच पास केली होती.

श्रुतिका आमची नवी इंजिनिअर. महिन्यापूर्वी मशीन घेऊन आली. बटणाएवढ्या चकत्या बोटीला चिकटवायच्या. एक चकती लहर सोडते, ती फायबरच्या अंगातून पसरत जाते, बाकीच्या चकत्या ती पकडतात. थर सुटले असतील तिथून लहर उशिरा येते, अशक्त होऊन येते. ही लहर माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मग लाज वाटली होती. आज काहीच वाटत नव्हतं.

"ठीक वाजतंय," मी म्हणालो.

तिनं लॅपटॉपकडे पाहिलं, तिथं नेमक्या त्याच जागी लाल डाग होता. मग स्वतःच बोटाच्या पेरानं तिथं ठोकलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. पोरगी हुशार. तिला कळलं.

"सोमवारनंतर ओढताना कुठेतरी आपटली असेल," ती हळूहळू, तोंड माझ्याकडे करून बोलली. "मी तसं लिहिते, अंकल."

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं. पण मशीन फक्त या एकाच बोटीवर लावून बघायचं ठरलं होतं. या सीझनला मी पास केलेल्या बाकीच्या नऊ बोटींना नुसता माझा रुपया लागला होता.

निलेश चहा घेऊन आला. "काय मग अंकल, ओके ना? शनिवारी बंदी उठते, दर्या खुला. सहा माणसं जातात हिच्यात."

"निलेश, मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "बोलणं कळतं थोडंफार, डाव्या कानानं. पण टण् काय नि भद्द काय, सारखंच. दोन वर्षं झाली."

"मस्करी करता काय?"

"नाही रे."

"मग सोमवारी काय ऐकलं तुम्ही?"

"काही नाही. रंग बघितला. तुझं तोंड बघितलं. पास केली."

"आईशप्पथ, अंकल. माझा सख्खा भाऊ जातो हिच्यात." चहाचे ग्लास वाळूत ठेवून तो किनाऱ्यानं निघाला, बाकीच्या बोटवाल्यांना सांगायला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रुतिकानं त्या नऊ बोटींची नावं विचारली. मी पाठ सांगितली. तिनं तिथूनच साहेबांना कळवलं. चारपर्यंत उत्तर आलं. नऊच्या नऊ बोटींना शुक्रवारच्या आत मशीन लावायचं, आणि लिओनार्डनी उद्यापासून यायचं नाही.

घरी मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. "काम गेलं," मी कॉन्सेप्टाला म्हणालो. "कान गेलेत ते सांगून टाकलं."

माझ्या बायकोनं ताट मांडलं, खुर्ची ओढली आणि डाव्या बाजूला बसली. आधी ती समोर बसायची. दोन वर्षांपासून डावीकडे बसते. मी समजायचो, पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून.

"तुला कधी कळलं?"

"तू चर्चमध्ये गायचं सोडलंस ना, तेव्हा."

"बोलली नाहीस."

"तू बोलशील म्हणून थांबले रे."

मी खिशातला रुपया काढून टेबलावर ठेवला. तिनं तो उचलला, माझ्या स्टीलच्या ताटाच्या काठावर दोनदा वाजवला.

"टण् वाजतोय," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आणि भात वाढायला लागली.