बिनमिठाचा गळपट्टा

रेतेझात डोंगराच्या माथ्याखाली, बर्फाने कोरलेल्या खळग्यात तळं. झाड नाही. मासा नाही. तळही नाही, म्हणतात. खालून एक वाट समुद्राला जाते आणि बुडालेल्या जहाजाच्या फळ्या इथे वर येतात, असंही म्हणतात.

कोण म्हणतं?

अवराम म्हणायचा. धाकट्या बहिणीला, सावेताला, मेंढ्या राखता राखता त्यानेच सांगितलेलं.

आता सावेताचा मुलगा लिसांद्रू जहाजासकट समुद्रात बुडाला. प्रेत मिळालं नाही. बिनलग्नाचा पोरगा गेला की गाव फरचं झाड तोडतं, फिती-घुंगरं बांधून त्याची नवरी म्हणून सजवतं, थडग्यावर रोवतं. सावेता कुणाला कुऱ्हाड उचलू देईना.

"तळ्याने काही दिलंय? नाही ना? मग माझा पोरगा जिवंत आहे!"

रोज वर चढायची. काठावर बसायची. खाणं सुटलं. अंगावर नुसती हाडं.

म्हणून अवरामने ते केलं.

लाल लोकरीचा गळपट्टा, तिनेच विणलेला. निघताना लिसांद्रू तो मामाच्या मेंढवाड्यात टाकून गेला होता. "बंदरातली पोरं हसतील, मामा. आईला सांगू नकोस हं." अवरामने तो तळ्यात भिजवला, काठच्या दगडाला अडकवून ठेवला.

तिला सापडला.

ती ओरडली नाही. पिळला. हुंगला. मग शेजारी चरणाऱ्या मेंढीपुढे धरला.

मेंढी! मिठासाठी माणसाचा घामेजला हातसुद्धा सोडत नाही ती. अवराम जन्मभर त्यांना मिठाचे खडे चाटवत आला, आणि नेमकं हेच विसरला.

मेंढीने हुंगलं. तोंड फिरवलं.

"समुद्रातून नाही आला हा," सावेता म्हणाली. "नेलाच नव्हता त्याने?"

अवराम मेंढीला बाजूला हाकू लागला.

"टोचतो म्हणायचा मेला." ती हसली की काय, कळेना. "तू टाकलास, दादा?"

"हो."

"म्हणजे ती समुद्राची वाट... तुझाही विश्वास नव्हता?"

"लहान होतीस गं. पाय दुखतात म्हणून रडत होतीस. काहीतरी सांगायचं म्हणून..."

ती पाण्याकडे बघत राहिली. पाण्यात डोंगर उलटा. बाकी काही नाही.

"म्हणजे तळं काही देणारच नव्हतं," म्हणत ती उठली.

"कुऱ्हाड कुणाकडे आहे?"

"तू बस. पोरं तोडतील झाड."

"तोडू देत. पण निवडणार मी. सून आहे माझी."